पांढऱ्या बोर्डावरचं स्वागतम्

खडू होता तोवर पुसलेलं धूळ होऊन उडून जायचं. पांढरे बोर्ड आले आणि शाई फडक्याला चिकटायला लागली. किस्सेही तसेच चिकटले. स्टाफरूममध्ये चहा आला की एकेक निघतो.

मी नागपूरच्या एका शाळेत शिपाई. शिकलो चौथीपर्यंत. पुसतो मात्र दहावीपर्यंतचं!

यंदा मोठ्या मॅडमनं बोर्ड पुसायचा महागडा स्प्रे बंद केला. मला म्हणाल्या, "काका, घरगुती उपायानं बोर्ड चकाचक ठेवा. नाही जमलं तर सफाईच्या एजन्सीचा माणूस लावू. तुम्ही गेटवर स्टूल टाकून बसा."

गेटवर! मी!

*

गणिताचे वानखेडे सर तळहातानंच पुसायचे. फुकटचा उपाय. त्याच हातानं कपाळाचा घाम. एका पालकानं हात जोडून विचारलं, "सर, कोणत्या देवाचा टिळा जी हा, हिरवा?"

सर म्हणाले, "बीजगणिताचा."

*

मी फर्मान काढलं: प्रत्येकानं घरून एक जुना सुती मोजा आणायचा. धुतलेला. हातात चढवायचा आणि पुसायचं.

हिंदीच्या मॅडमनं आणला तो जुना नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांचे मिस्टर हजर. एका पायात मोजा, दुसऱ्यात नाही.

"काका, माझा मोजा तुमच्या शाळेत शिकवून राहिला म्हणते!"

आठवी ब मधून आणून दिला. काळानिळा झाला होता. त्यांनी उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. "राहू द्या. वर्ष पूर्ण होऊ द्या त्याचं."

*

चित्रकलेच्या सरांनी जुन्या डागावर खोबरेल तेल चोळलं. डाग गेला. पुढच्या तासाला मार्करही उठेना! वानखेडे सर वर्गातूनच ओरडले, "बोर्डाची चंपी कोणं केली गा? आता वेणी पण घाला!"

मी साबणाच्या पाण्यानं पुसलं, मग कोरड्या फडक्यानं. झालं काम. पण साधं सांगितलेलं शिकलेल्या माणसाला पटत नाही.

*

मग तपासणीचे साहेब यायचे होते. वानखेडे सरांनी टाचा उंचावून बोर्डाच्या पार वरच्या टोकाला लिहिलं, 'स्वागतम्'. साहेब आले, हार घेतला, गेले. स्वागतम् जाईना! मोजा हरला, साबण हरला, तेलही हरलं. मार्कर उलटा करून पाहिला तर त्यावर लिहिलेलं, परमनंट.

मोठ्या मॅडमनं एजन्सीचा माणूस बोलावला. त्यानं अर्धी बाटली फवारली. मग हात झटकले. "परमनंट है काका. नहीं जाएगा."

मॅडम माझ्याकडे पाहू लागल्या. मी साधा मार्कर उचलला आणि त्याच अक्षरांवरून गिरवायला लागलो.

"काका, अजून काहून लिहून राहिले जी!" वानखेडे सरांनी कपाळ धरलं. पुन्हा हिरवं.

शाई ओली होती तोच मी मोजा फिरवला. साध्या शाईसोबत आतली पक्की शाईही निघाली. अक्षरं गेली. वरची रेघ तेवढी उरली. माझा हात पुरेना.

मॅडम म्हणाल्या, "सर, गेटवरचं स्टूल आणा इकडं. काकांसाठी."

स्टूल आलं. मी चढलो. रेघ गिरवली, पुसली.

एजन्सीवाला डोकं खाजवत म्हणाला, "लेकिन काका, परमनंट था ना?"

मी उतरलो. मॅडमकडे पाहिलं.

"या शाळेत परमनंट काही नसते गा. मी बावीस वर्षांपासून टेम्पररी आहो."