टेकडीच्या रस्त्यावर प्लाऊ कुणी पाठवला

माझं सहस्रचंद्रदर्शन करायचं मुलाने ठरवलं आहे. हॉल बुक झाला, जेवणाची ऑर्डर गेली, आणि आता एक छोटी स्मरणिका काढायची म्हणून त्याने मला सांगितलं, "बाबा, ती प्लाऊची गोष्ट तुम्हीच लिहा. सगळ्यांना तीच हवी आहे."

ती गोष्ट इथल्या, इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना पाठ आहे. एका संक्रांतीला एवढा बर्फ पडला की हळदीकुंकवाला बायका पोचेनात, तेव्हा काकांनी, म्हणजे मी, बर्फ लोटायचा प्लाऊ आणून टेकडीचा रस्ता मोकळा करून दिला. दरवर्षी कुणी ना कुणी ती सांगतं आणि दरवर्षी तीत थोडी भर पडते. हल्ली तर प्लाऊ मी स्वतः चालवत असतो आणि काळ्या साड्या नेसलेल्या बायका मागून चालत येत असतात. मी आयुष्यात कधी प्लाऊ चालवलेला नाही. त्या गाडीचं लायसन्सच माझ्याकडे नव्हतं. त्या दिवशी मी टेकडीवरही नव्हतो. पण एवढंच दुरुस्त करायचं असतं, तर ते दोन ओळींत झालं असतं.

मी पुण्यात डिप्लोमा करून एका कारखान्यात लागलो होतो. पत्नी डॉक्टर. तिला नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि तिच्यामागून मी आलो. जवळच्याच एका कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, डेपोत फिटर म्हणून लागलो आणि शेवटी सुपरवायझर झालो. मंडळात बहुतेक डॉक्टर मंडळी. ओळख करून देताना समोरचा विचारायचा, "तुम्ही कुठल्या हॉस्पिटलला?" मी "हायवेज", म्हणजे कौन्सिलचं रस्त्यांचं खातं, म्हणालो की "अच्छा, अच्छा" म्हणायचा आणि आणखी कोण कोण आलंय ते बघू लागायचा. याचं मला वाईट वाटत नाही असं मी पत्नीला सांगत असे.

आमच्या डेपोत हिवाळ्यासाठी ग्रिटर असत. ग्रिटर म्हणजे बर्फ धरू नये म्हणून मागून रस्त्यावर खडेमीठ फेकत जाणारा मोठा पिवळा ट्रक. एरवी तेवढ्यावर भागतं. बर्फ साचला तर त्याच ट्रकच्या तोंडाला प्लाऊ लावायचा. हे लोखंडी पातं तिरकं असतं, ते रस्ता खरवडून बर्फ डावीकडे, फुटपाथच्या बाजूला लोटतं. पाहायला छान वाटतं. पण लोटलेला बर्फ नाहीसा होत नाही, त्याचा बांध तयार होतो. डावीकडे एखाद्या गल्लीचं तोंड असेल तर ते त्या बांधाने बंद होतं. म्हणून प्लाऊच्या मागून फावडीवाले पाठवून गल्ल्यांची तोंडं मोकळी करायची, हा नियम. हे डेपोतल्या सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

त्या वर्षी सुनेची पहिली संक्रांत होती. हलव्याचे दागिने पुण्याहून आले होते. मुकुट, हार, बाजूबंद, सगळं कापसात गुंडाळून. हळदीकुंकू टेकडीवरच्या एका छोट्या हॉलमध्ये, शनिवारी दुपारी. सकाळी बर्फ जरा थांबलेला पाहून पत्नी आणि सून लवकरच वर गेल्या. मी ड्यूटीवर डेपोत. अकराच्या सुमारास पुन्हा जे सुरू झालं ते थांबेना. पाहुण्यांच्या गाड्या टेकडीच्या पायथ्याशी एकामागे एक अडकल्या.

मंडळाचे त्या वेळचे अध्यक्ष हॉस्पिटलातले मोठे कन्सल्टंट होते. त्यांचा मोबाइलवर फोन आला.

"अहो, काय हा रस्ता! खातं तुमच्याकडेच ना?"

"तो रस्ता यादीत नाही, साहेब. आधी बसचे रस्ते, मग हॉस्पिटल, मग शाळा."

"यादी कोण करतं?"

"मी."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि हसले. मागे गाडीत बसलेलं आणखी कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं. "बघा काही जमतंय का. नाहीतर सूनबाईंचे दागिने मुंग्याच खातील."

हे काही धमकावणं नव्हतं. पण इतक्या वर्षांत त्या माणसाने पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं. माझा एक ड्रायव्हर त्याच भागात बसचा रस्ता करत होता. माझ्याहून बराच लहान, डेपोतला सगळ्यात चांगला प्लाऊवाला. त्याच्या ट्रकला शाळेच्या मुलांनी एक गमतीदार नाव दिलं होतं आणि त्याचा त्याला फार अभिमान. आमच्या भागात सगळे सगळ्यांना लाडाने 'डक' म्हणतात, तसा तोही म्हणे. मला मात्र बॉस. मी त्याला रेडिओवर न बोलावता मोबाइलवर फोन केला. रेडिओवरचं सगळ्यांना ऐकू जातं.

"टेकडीच्या रस्त्याने एकदा वर जा आणि खाली ये."

"तो आपला नाही, बॉस."

"माहीत आहे. दहा मिनिटांचं काम आहे."

"वर जाताना डावीकडे म्हाताऱ्यांच्या बंगल्यांची गल्ली लागते. तिचं तोंड बंद होईल. फावडीवाले पाठवताय?"

"पाठवतो मागून," मी म्हणालो.

फावडीवाले बस स्टेशनवर अडकले होते. त्यांना पाठवायचं माझ्या मनात होतं. मग दुसरे फोन येत गेले आणि ते राहून गेलं.

तासाभराने पत्नीचा फोन आला. मागे बायकांचा गलका. "अहो, सगळ्या पोचल्या! इतका छान माणूस पाठवलात. आम्ही त्याच्या प्लाऊला हळदकुंकू लावलं. आणि वाण दिलं. रिकाम्या हाती कसं पाठवायचं?" त्या वर्षीचं वाण म्हणजे झाकणाचा स्टीलचा डबा, वर लाल रिबन, आत तिळगूळ. लंडनच्या वेम्बलीतल्या देशी बाजारातून घाऊक आणले होते.

संध्याकाळी मंडळात मी हिरो झालो. अध्यक्षांनी घरी येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. "आमचे हायवेज मिनिस्टर," म्हणाले. मला ते आवडलं. आज लिहितानाही आठवतंय, किती आवडलं होतं ते.

त्याच दुपारी गल्लीतल्या बंगल्यातले एक म्हातारे गृहस्थ दूध आणायला निघाले होते. प्लाऊने केलेला बांध ओलांडताना ते पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. त्यांच्या मुलीने सोमवारी तक्रार केली. बसच्या रस्त्यावर बर्फ असताना प्लाऊ तिथे गेलाच कशाला, हा तिचा प्रश्न, आणि तो बरोबर होता. त्यातच आमच्या एका फिटरने पात्यावरचे लाल डाग पाहिले आणि रक्त समजून आरडाओरड केली. मग ट्रकच्या केबिनमध्ये रिबन लावलेला डबा सापडला.

मॅनेजरच्या खोलीत आम्ही तिघे. टेबलावर डबा.

"मला बॉसने सांगितलं होतं," ड्रायव्हर म्हणाला. अगदी साधेपणाने, पुढे मी बोलेन या खात्रीने.

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "तो रस्ता यादीत नाही. यादीबाहेर मी गाडी पाठवत नाही."

"आणि हे?" त्यांनी डब्याकडे बोट दाखवलं. कौन्सिलच्या माणसाने कामाच्या बदल्यात काही घ्यायचं नाही, हा कडक नियम.

संक्रांतीला दारी आलेल्याच्या हातावर काहीतरी ठेवतात, त्याला वाण म्हणतात, हे माझ्याच बायकोने दिलंय, पोस्टमन आला असता तर त्यालाही दिलं असतं, एवढं सांगितलं असतं तरी निम्मं ओझं उतरलं असतं. पण बायकोचं सांगायचं तर हॉलचं सांगावं लागलं असतं आणि हॉलचं सांगायचं तर फोनचं. मी म्हणालो, "नियम त्याला माहीत आहे."

ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. नंतर त्याने डब्याकडे पाहिलं.

त्याला प्लाऊवरून काढलं. त्या आठवड्यात कार पार्कमधला बर्फ लोडरने टिपर ट्रकमध्ये भरून मैदानावर नेऊन टाकायचं काम चालू होतं. काळा, घाण, तेलाचा बर्फ. ते त्याला दिलं. बर्फ सरल्यावर रस्ते झाडायची गाडी. त्याचा प्लाऊ दुसऱ्याकडे गेला. डेपोत त्याला 'समोसा' म्हणू लागले. त्या डब्यात समोसा नव्हता, पण ते कुणाला सांगायचं? कॅन्टीनमध्ये "काय समोसा, आज कुठली टेकडी?" असं कुणी म्हणालं की मी चहाचा कप घेऊन ऑफिसात जात असे. पुढे मी निवृत्त झालो. निरोपाला तो आला नाही.

हे सगळं मी मुलाच्या स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि पहिल्या वाक्याशीच अडलो. कारण पत्नीला यातलं काहीच माहीत नव्हतं. एका सकाळी ती आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत भरत बसली होती, तेव्हा मी विषय काढला.

"तू त्या ड्रायव्हरला डबा दिला होतास ना?"

"हो. मग?"

मी सांगितलं. शुक्रवारच्या खणात दोनदा तीच गोळी पडली, ती तिने काढली.

"म्हणजे माझ्या डब्यामुळे?"

"डब्यामुळे नाही. माझ्यामुळे."

"आणि मी दरवर्षी संक्रांतीच्या कार्यक्रमात माइकवरून ती गोष्ट सांगते. तुम्ही शेजारी बसून हसता." तिने डबी बाजूला सरकवली. "हसता की हो तुम्ही!"

मी गोळ्यांची रिकामी पाकिटं गोळा करू लागलो.

"मुलाला सांगितलंत?"

"अजून नाही. स्मरणिकेत लिहीन म्हणतो."

"छापून? आधी त्या माणसाला सांगा. स्मरणिका काय, मराठीत. तो कुठे वाचणार?"

"दारातून हाकलून देईल तो."

"देऊ दे. घर माहीत आहे ना? गाडी काढा."

मी कोट घालेपर्यंत ती गॅरेजमधून एक डबा घेऊन आली. वाण कमी पडू नये म्हणून आमच्याकडे नेहमीच जास्त आणतात. त्या वर्षीचे उरलेले डबे अजून खोक्यात होते. संक्रांत चार दिवसांवर आली होती, घरात तिळाच्या वड्या होत्याच. त्या तिने त्यात भरल्या.

"डबा नको गं नेऊस."

"का? या खेपेला कुणाचं काम जाणार आहे?"

तो गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो, ओळीतल्या घरांपैकी एकात. दार त्यानेच उघडलं. खूप वाळला आहे. त्याने मला ओळखलं, मग पत्नीकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"नको," तो म्हणाला. "मागचा महाग पडला."

बॉस म्हणाला नाही. डकसुद्धा म्हणाला नाही. मी पाठ करून आलेलं बोलायला सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला त्याने हात वर केला.

"हे मला कशाला सांगतोयस? मी होतो तिथे. फोन माझाच वाजला होता." त्याने आत वळून बायकोला हाक मारली. "हिला सांग."

त्याची बायको चालायची काठी घेऊन आली. तिला पुढे करत त्याने मला सांगितलं ते असं. पडलेले ते म्हातारे गृहस्थ तिच्या चर्चमधले होते. नवऱ्याने तिला खरं काय ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण खुद्द सुपरवायझर नाही म्हणतोय म्हटल्यावर तिने विश्वास ठेवला नाही. तो पूर्ण हिवाळा ती त्या गृहस्थांकडे जात होती. बाजार आणून द्यायची, सूप द्यायची, त्यांच्या शर्टाची बटणं लावून द्यायची. नवऱ्याच्या वतीने. ते गृहस्थ आता नाहीत.

मी म्हणालो, "प्लाऊ मी पाठवला होता. त्याने गल्लीचं विचारलं होतं. माणसं पाठवतो असं मी सांगितलं आणि पाठवली नाहीत. डबा माझ्या बायकोने दिला होता, आमच्याकडे तशी पद्धत आहे. मॅनेजरसमोर मी खोटं बोललो."

"जोरात," तो म्हणाला. "तिचं कानाचं मशीन वर राहिलंय."

मी सगळं पुन्हा म्हणालो, जोरात. शेजारचा माणूस कचऱ्याचा बिन बाहेर काढत होता, तो बिन धरून तसाच उभा राहिला. मी शेवटपर्यंत बोललो.

"मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं," त्याची बायको म्हणाली.

मग ती माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे वळली. "तू सांगितलं होतंस मला."

"सांगितलं होतं."

"डब्यासाठी गेलास, असं मी म्हटलं होतं."

"बऱ्याचदा."

ती काही वेळ त्याच्या बाहीला धरून उभी राहिली. मग पत्नीच्या हातातून तिने डबा घेतला. आम्हाला त्यांनी आत बोलावलं नाही आणि ते योग्यच होतं. मी संक्रांतीच्या कार्यक्रमाचा दिवस सांगितला, दोघांनी यावं म्हटलं. "बघू," तो म्हणाला. "बर्फ पडला तर नाही येणार. तुझ्याकडे रस्ते कोण साफ करणार?" आणि दार लावून घेतलं. हसला की नाही ते मला दिसलं नाही.

पत्नीने पट्टा लावला आणि आम्ही परत निघालो. हॉलच्या टेकडीखालून जाताना मी तिला विचारलं, "या वर्षी कार्यक्रमात ती गोष्ट कशी सांगणार तू?"

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "या वर्षी माइक तुम्ही घ्यायचा. आणि आत्ता बोललात तसंच बोलायचं, तेवढ्याच जोरात."