दोनदा लिहिलेल्या ओळी

ग्रीकमास्तरांना चूक सापडली की ते टाळी वाजवत. एडिनबराच्या त्या धर्मशास्त्र कॉलेजच्या लायब्ररीत लोक खोकलासुद्धा रुमालात दाबत, आणि तिथे हे सत्तरीचे गृहस्थ, अंगातला ओव्हरकोट न काढता, टाळी वाजवून म्हणत, "सापडला! इथे पेंगला बघा आपला माणूस!" आपला माणूस म्हणजे सुमारे आठशे वर्षांपूर्वी कुठल्याशा मठात बसून बायबलातली चार शुभवर्तमानं ग्रीकमध्ये उतरवून काढणारा लेखनिक. त्याचं नावगाव कोणालाच माहीत नव्हतं. मास्तर मात्र तो शेजारी राहत असल्यासारखे त्याच्याबद्दल बोलत.

मास्तर नगरकडचे मराठी ख्रिस्ती. पाद्री होणाऱ्या मुलांना त्यांनी चाळीस वर्षं ग्रीक शिकवलं आणि पत्नी गेल्यावर मुलीकडे स्कॉटलंडला आले. एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. हॉस्पिटलातल्या नोकऱ्यांमुळे तिथे जमलेली आम्ही चार-पाच मराठी कुटुंबं त्यांना ग्रीकमास्तरच म्हणायचो. माझे यजमान डॉक्टर, आणि मी त्या लायब्ररीत कार्डं टाइप करायला. मागच्या खोलीतल्या सामानाची यादी करताना मला एक पत्र्याची पेटी मिळाली. तिच्यात चामड्याच्या पानांची ती जाडजूड पोथी होती. मी मास्तरांना सहज सांगितलं. दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी ते पायरीवर उभे.

"बरोबर मजकूर सगळ्या पोथ्यांत सारखाच असतो, बाई," ते सांगत. "घराणं कळतं ते चुकांवरून." ह्याच चुका असलेली दुसरी पोथी मिळाली, तर ही कोणत्या पोथीवरून, कोणत्या मठात उतरवली हे कळणार होतं. मरण्यापूर्वी त्यांना तेवढंच करायचं होतं. त्या माणसाला त्याचं घर मिळवून द्यायचं होतं.

पण काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती. माझ्या यजमानांनी तपासून मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता काही करता येणार नाही." तेव्हा वाचायचं मी, असं ठरलं. मला ग्रीक येत नाही म्हटल्यावर ते खूश झाले. "तेच तर तुमचं क्वालिफिकेशन! अर्थ कळला की माणूस दिसेल ते वाचत नाही, असायला हवं ते वाचतो." एका पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून घेऊन मी ती तीन आठवड्यांत पाठ केली. छापील मजकूर त्यांना तोंडपाठ होता. मी ओळीमागून ओळ वाचायची, वेगळं ऐकू आलं की त्यांनी "थांबा" म्हणायचं आणि मी वहीत पान, ओळ, फरक लिहायचा. दर शनिवारी, चार वर्षं. अशा सात वह्या झाल्या.

मग कॉलेजचं छप्पर गळायला लागलं आणि विश्वस्तांनी पोथी लिलावात काढली. निदान आधी फोटो काढून ठेवा, असे दोन अर्ज मी स्वतः टाइप करून दिले. "विचार चालू आहे," असं दोन्हींना उत्तर आलं. विचार संपायच्या आत पोथी गेली. मास्तर म्हणाले, "जाऊ दे. आपल्या वह्या आहेत."

दोन महिन्यांनी इंग्लंडमधल्या एका प्राध्यापकांचं पत्र आलं. मीच ते मास्तरांना वाचून दाखवलं. प्राध्यापकांकडच्या एका पोथीत मास्तरांनी त्यांना पूर्वी पत्राने कळवलेले बरेचसे फरक होते. शिवाय लूकच्या शुभवर्तमानात पाच ठिकाणी एकेक ओळ दोनदा लिहिली गेली होती. तुमच्या पोथीतही तसं असेल, तर दोघींची आई, म्हणजे मूळ पोथी, एकच.

"लूकची वही काढा, बाई!" मास्तर खुर्चीतून उठलेच. "दोनदा लिहिलेल्या ओळी कुठेकुठे आहेत?"

वही उघडायची गरज नव्हती. "मास्तर, वहीत एकही नाही."

"पोथीत नव्हत्या?"

"होत्या. वरचीच ओळ खाली पुन्हा दिसली की मी एकदाच वाचायची. लायब्ररी चारला बंद व्हायची. वाटलं, दमला असेल बिचारा, त्यात तुमचा वेळ कशाला घालवा."

"किती होत्या?"

"चार असतील. सहाही असतील."

"कुठे?"

मला सांगता येईना. घरातल्या प्रत्येक बरणीला चिठ्ठी लावणारी मी, आणि एक पान आठवेना.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि म्हणाले, "नीटनेटक्या माणसाच्या हातून हेच होतं. नीटनेटके लेखनिकही आधीच्याची चूक दिसली की अशीच गाळायचे. मीच तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

मी कामाला लागले. लिलाववाल्यांना पत्र लिहिलं. गिऱ्हाइकाचं नाव सांगता येत नाही, असं उत्तर आलं. मग त्यांच्यामार्फत त्या गिऱ्हाइकाला तीन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही. कॉलेजच्या सेक्रेटरीबाईंनी चहा दिला आणि फार वाईट वाटल्याचं सांगितलं. यादीतल्या प्रत्येक कामापुढे खूण झाली आणि हाती काही आलं नाही. प्राध्यापकांना लिहिताना मी म्हटलं, "बहुधा होत्या, असं तरी घालू या."

"अहो, बहुधावर कुणाची आई ठरवतात का?" मास्तर म्हणाले. "लिहा, सांगता येत नाही."

मी तसं लिहिलं. त्यांनी चाचपडत खाली सही केली.

त्यानंतर त्यांनी एकच हिवाळा काढला. शनिवार मात्र चुकवू दिला नाही. मी पेपर वाचायची, आलेली पत्रं वाचायची. एकदा नगरहून त्यांच्या अक्कांचं पत्र आलं. मी वाचत गेले. पेरूला यंदा फळ चांगलं धरलंय. विहिरीला पाणी आहे. धाकटीचं लग्न ठरतंय. पेरूला यंदा फळ चांगलं धरलंय.

मास्तरांनी मान वर केली. "पुन्हा लिहिलंय?"

"हो. पुढच्या पानावर आणखी एकदा आहे."

"तेही वाचा."

मी वाचलं. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. "अक्का विसरायला लागली हो," ते म्हणाले.

मी उत्तरासाठी कागद घेतला आणि काय लिहू म्हणून विचारलं.

"लिहा," ते म्हणाले, "पेरूला यंदा फळ कसं काय आहे?"