शफी मिस्त्रीचं भाकरीयंत्र

आमचा शफी मिस्त्री लई तापट. पाना निसटला तर पान्यालाच शिव्या घालायचा. माजलगावात एसटीडीचे बूथ नवेनवे आलते, त्या साली त्यानं रसवंतीच्या मोडक्या चरकातून भाकरी थापायचं यंत्र बनवलं. साखर कारखान्याचा सीझन, माझ्या खानावळीत ही गर्दी, आन् थापायला एकटी छबुबाई. मी म्हणलं, "लाव बाबा तुझं भूत."

मोटारीवर लोखंडी ताट खालीवर व्हायचं. ते वर गेलं की उंडा ठेवायचा, खाली आलं की भाकर तयार. पण छबुबाईच्या हाताची सवय जन्माची! ज्वारीच्या भाकरीची कड चिरली की ओल्या बोटानं सांधायचीच. त्या दिवशी तशीच कड चिरली, तिनं बोटं घातली, आन् ताट खाली आलं.

ती किंचाळली. शेजारीच उभ्या शफीनं बटण बंद केलं, पण जड चाक थांबंना. मग त्या येड्यानं आपला डावा हात दातेरी चाकातच कोंबला. हाडं मोडल्याचा आवाज आला, चाक अडकलं. परातीतलं पीठ लाल झालं. छबुबाईची कातडी सोलली तेवढीच. शफीची बोटं गेली.

तिचा भाऊ उत्तरेश्वर ऊसतोडीवरून कोयता घेऊनच आला. हाताला फडका गुंडाळलेल्या शफीला त्यानं दवाखान्याच्या दारात पाडलं आन् कोयत्याच्या मुठीनं तोंडावर बडव बडव बडवलं. दात पडले. शफीनं हात उचलला न्हाई. माझं तर रक्त उसळलं!

छबुबाई मधी पडली. "आरं मुडद्या, त्यानं हात घातला म्हणून माझा हात शाबूत हाय!"

उत्तरेश्वरनं तो फडका बघितला आन् मटकन खाली बसला.

मी शफीला म्हणलं, "भंगारात घाल ते."

"कावून घालू, भाभी?" तो खेकसला. "बाईचं बोट तिथं जाणारच. हे मला कळाय नको?"

पुढच्या सीझनला नवं यंत्र आलं. दोन बाजूंना दोन दांडे. दोन्ही घट्ट ओढून धरले तरच ताट खाली येणार, एक सुटला की जागीच थांबणार. छबुबाईनं धरले, झकास भाकर पडली.

"सरक, मला बघू दे," शफी म्हणला. उजव्या हातानं एक दांडा ओढला. दुसऱ्यावर थोटा पंजा टेकवला, तो घसरला. पुन्हा टेकवला. ताट हललं न्हाई.

"बरोबर बनलंय," म्हणला, आन् एक शिवीबी न देता बाजूला झाला.