सरळ पानाची मिरची

माझ्या सासूला, नवशीला, मिरचीतलं कळतं. हे कोणीतरी सांगेल म्हणून ती वाट बघत नाही, स्वतःच सांगते. कैनाडच्या आमच्या पाड्यावर मिरचीची रोपं जायची ती तिच्याच वाफ्यांतून. चुरडा-मुरडा रोग आला की अख्ख्या शेताची पानं आखडतात, पण एखाद-दुसरं झाड सरळ उभं राहतं. असली झाडं नवशी मातीसकट उचलून घरामागे मोरीच्या पाण्यावर जगवायची आणि पाड्यात नवी सून आली की तिच्या परसात त्यातलं एक लावून द्यायची. "हिमतीचा झाड हाय, याला काय होत नाय." २०१५ साली मी लग्न होऊन आले, तेव्हा मलाही साडीच्या आधी मिरचीचं झाड मिळालं. मला साडी हवी होती.

रोग मात्र दरसाल वाढत गेला. २०१७च्या थंडीत शेजारच्या रखमीचं शेत फुलावर यायच्या आतच आखडलं. ती बांधावरून ओरडली, "नवशे, तुझी रोपाच खराब!" नवशीला ते फार झोंबलं. पाड्यात तिला मान होता तो रोपांमुळे. उद्या कोणी रोप नेलं नाही तर आपल्याला कोण विचारणार, ही धास्ती तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसली.

त्याच सुमारास शेती कॉलेजातली सोनल नावाची मुलगी रोगट पानं गोळा करत आली. नवशीने हट्टाने आपल्या सरळ झाडांची पानं तिच्या पिशवीत भरली. "तपास, आन् सांग त्या रखमीला."

सोनल काही आठवड्यांनी परत आली. सरळ झाडांतही विषाणू निघाला होता.

"पान तर चांगला हाय!" नवशी उसळली.

"आजी, पान मुरडायचं काम एक जनुक करतं," सोनल म्हणाली. "ते विषाणूच्या जोडीने फिरणाऱ्या एका छोट्या तुकड्यात असतं. तुमच्या झाडांत विषाणू आहे, तो तुकडा नाही. म्हणून पान सरळ. पांढरी माशी या झाडांतला विषाणू वाफ्यातल्या रोपांवर नेते. पुढे शेतात दुसऱ्या झाडावरून तो तुकडा येतो आणि मग पान आखडतं."

नवशीने एक सरळ पान खुडून उलटंसुलटं पाहिलं. "म्हंजे नवरा मांडवात बसलाय, वाजाप वाजला नाय, म्हणून लगीन कळला नाय."

सोनल हसली. मला वाटलं, आता सोनलची काही धडगत नाही. पण नवशी उठली आणि मिरच्यांनी लगडलेलं पहिलं झाड तिने स्वतः उपटलं. मग मला घेऊन घरोघर फिरली. "मी पान बघून फसले," असं प्रत्येक दारात सांगत होती, तेही मान वर करून. हिरू नावाची नवी सून रुसली, "लगनाची भेट कोण परत नेतं?"

"दुसरी देईन," म्हणत नवशीने तिचंही झाड उपटलं. मला त्या दिवशी सासूचा फार अभिमान वाटला.

विषाणूला थारा मिळू नये म्हणून उन्हाळ्यात पाड्यात मिरचीचं एकही झाड ठेवलं नाही. पाऊस सरताना नवशीने वाफे केले ते माशी शिरणार नाही अशा बारीक जाळीखाली. रोपं लावणीला आली तशी ती सकाळपासून ओटीवर बसली. कोणी फिरकेना. जेवायला बोलावलं तरी उठली नाही.

उन्हं कलल्यावर रखमी आली. हातात रिकामी पाटी.

"बघून घे," नवशी म्हणाली.

"पान बघून काय कळतं? तू सांग."

"चांगली हायत."

रखमीने पाटी पुढे केली.