व्याह्यांची चेनवर चालणारी गाडी

परमेश्वराने जग घडवताना आमच्या व्याह्यांना हाताशी घेतलं असतं, तर ते जग आजही सुटं होऊन वालूर गावातल्या त्यांच्या अंगणात पोत्यावर मांडलेलं दिसलं असतं, आणि व्याही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत बसले असते, "बस, एक वायसर तेवढं सापडंना झालंय." चालू असलेल्या वस्तूचा त्यांना मनस्वी राग. पंखा मुकाट्यानं फिरतोय म्हणजे त्याच्या पोटात काहीतरी दडलंय, असा त्यांचा पक्का समज. आमच्या मुलीला पाहायला परभणीला आले, तेव्हा पोहे येईपर्यंत त्यांनी आमचं भिंतीवरचं घड्याळ उतरवून उघडलं होतं. सोयरीक जुळली, घड्याळ काही जुळलं नाही.

शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला निघतात. हे भंगाराच्या दुकानांना निघाले. त्याला कारणही तसंच होतं. विहीणबाईंचे गुडघे गेले. जन्मभर शेत ज्यांनी सांभाळलं त्या बाई ओसरीवर खिळल्या. शेताची वाट काळ्या मातीची, पावसाळ्यात पाय रोवला की चप्पल तिथंच. मोटारसायकलवर बसायचा धीर होत नाही, बैलगाडीत चढवत नाही, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची गोष्ट काढली तर म्हणाल्या, "मी काय सोयाबीनचं पोतं हाव का?" मग व्याह्यांनी ठरवलं, बायकोला शेत दाखवायचं आणि तेही स्वतः बनवलेल्या गाडीतून! जुन्या मोटारसायकलचं इंजिन, लोखंडी खाटांच्या पायपांचा सांगाडा, मागच्या चाकांना चेन आणि विहीणबाईंच्या गुडघ्यांना सोसेल इतकी खाली खुर्ची. गाडी झाली. गावाबाहेर पडताच एक चाक चिखलात गरगर फिरू लागलं, दुसरं कोरड्यावर ढिम्म.

त्यानंतर कधीही जेवायला बसलो की भाकरीबरोबर डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारं यंत्र, वाढलं जाई. "त्याचा न्याय असा हाय इवाई," ते म्हणत, "जे चाक फुकट फिरायलंय, सगळी ताकद त्यालाच. ज्याला काम हाय, त्याला काहीच न्हाई." मी म्हटलं, "म्हणजे आमच्या हाफिसासारखं." ते हसले नाहीत. यंत्राच्या बाबतीत त्यांना थट्टा खपत नाही. त्यांना हवं होतं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. त्यात प्लेटा असतात, एक चाक घसरू लागलं की त्या एकमेकींना घट्ट धरतात आणि ताकद दुसऱ्या चाकालाही पोचते. भंगारात निघालेल्या एका जीपचं त्यांना मिळालंसुद्धा. पण जीपमध्ये ते तेलाने भरलेल्या बंद पेटीत बसतं. इथं चेनवर ते उघडं पडणार, तेल गळणार, धूळ शिरणार. त्यामुळे व्याही महिनाभर एका गोल, जाड आणि तेल न गळणाऱ्या डब्याच्या शोधात होते.

तो डबा कुठला, हे महालक्ष्म्यांच्या जेवणाला आम्ही गेलो तेव्हा कळलं. पुरणाची डाळ भिजलेली, चूल पेटलेली आणि आम्ही मुलीच्या लग्नात दिलेला मोठा कुकर गायब.

"कुकर कुठं हाय?" विहीणबाईंनी विचारलं.

"हाय की. गाडीत हाय."

"गाडीत काय शिजवायलाव?"

"अगं, त्याला रबराची रिंग हाय. तेलाचा एक थेंब बाहेर येत न्हाई! इवायानं लय दिलदारीनं दिल्ता, कामी आला."

मी वाकून पाहिलं. दोन चाकांच्या मधोमध कुकर बसवलेला, आणि त्यावर 'सप्रेम भेट'सकट माझं नाव. डाळ पातेल्यात शिजत राहिली आणि महालक्ष्म्यांसकट आम्ही सगळे ताटकळलो.

दुसऱ्या दिवशी गाडी शेताकडे निघाली. "पयल्या फेरीचा मान इवायाचा," असं व्याह्यांनी जाहीर केल्यावर मुलीचा बाप नाही कसा म्हणणार? व्याही चालवायला, विहीणबाई पुढं खुर्चीत, मी मागं कुकराच्या वरच्या फळीवर. घसरायचा धोका नको म्हणून व्याह्यांनी प्लेटांमागं जास्तीची वायसरं घालून त्या इतक्या आवळल्या होत्या, की दोन्ही चाकं कायम सारखीच फिरत; गाडी सरळ झोकात जाई, पण वळायचं नाव घेत नसे. पहिल्याच वळणावर आम्ही शेजाऱ्याच्या सोयाबीनमध्ये. पुढचं प्रत्येक वळण मानकऱ्यानं खाली उतरून, गाडीचं तोंड उचलून पार पाडलं. पण ओढ्याच्या चिखलात दोन्ही चाकं एकदम फिरली आणि गाडी बाहेर आली, तेव्हा कपडे, मान, वय सगळं विसरून मी "शाब्बास!" असं ओरडलो.

विहीणबाई बांधावर उतरल्या. काठी टेकत कपाशीत शिरल्या, एक झाड हातात घेऊन पाहिलं आणि सुरू झाल्या. "हे तण कुणी ठिवलं? तुरी इतक्या लांब लांब पेरत्यात का? कुणी सांगितलं तुमाला शेती करायला?" व्याही खाली मान घालून "व्हय, व्हय" करत उभे. माझ्यासमोर त्यांची अशी शोभा झालेली पाहून मीच अवघडलो. विहीणबाई जरा पुढं गेल्यावर हळूच म्हणालो, "जाऊ द्या इवाई, मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी तेलकट मनगटानं डोळे पुसले. "तसं न्हाई हो. गुडघे गेल्यापासून ही शेताचं नावच घेत नव्हती. मी कायबी पेरलं तरी नुसतं 'बरं' म्हणायची."

तेवढ्यात कपाशीतून हाक आली, "अहो, इकडं या! हे बघा काय करून ठिवलंय!" आणि आमचे व्याही चिखल तुडवत तिकडे पळत सुटले.