प्रभुभोजनाआधीचा घोट

काचीगुड्याच्या आपल्या मंडळीतल्यांनो, आज चर्चमध्ये शेवटच्या बाकावर काय झालं ते पुढे बसलेल्यांना दिसलं नसेल, म्हणून लिहितेय.

आमच्या आईचा नेम तुम्हाला माहीतच आहे. प्रभुभोजनाच्या रविवारी उपाशीपोटी यायचं. शुगरची गोळी मात्र न चुकता, कोरडीच गिळायची! आज उपदेश चालू असताना तिचे हात थरथरायला लागले, अंगाला दरदरून घाम सुटला. मी हाक मारली.

सुगुणा सिस्टर धावत आली. आठवडाभर सरकारी दवाखान्यात राबून रविवारी आपल्या सगळ्यांचं बीपी तपासणारी आपली नर्स. तिने बाटलीत ग्लुकोज कालवून आईपुढे धरलं.

आईने तोंड फिरवलं. "प्रभूच्या भाकरीआधी पाणीसुद्धा नाही."

सिस्टरही उपाशीच होती. तिचाही तोच नेम. तिने बाटली स्वतःच्याच तोंडाला लावली आणि मोठा घोट घेतला.

"लेव अम्मा, मेरा भी उपास टूट गया. अब नखरे नक्को."

आईने बाटली संपवली! थोड्या वेळाने दोघी एकमेकींचा हात धरून प्रभुभोजन घ्यायला गेल्या.

राज्याची वाटणी झाली आणि सिस्टरची नोकरी आंध्राच्या वाट्याला गेली. पुढच्या महिन्यात ती गुंटूरला चालली. घरी येताना ऑटोत आई म्हणाली, "बाकी काय वाटायचं ते वाटा म्हणावं, आमची सुगुणा कशाला दिली?"

आता पुढच्या वेळी पहिला घोट मीच घेईन. पण माझं आई ऐकेल का हो?