योरिससाहेबांचा कोरा हौदा

इसूफ बावीस वर्षं सोलापुरात भवानी पेठेत पिकअप चालवतो, पण गाडीची मालकीण त्याची बायको सुगराबी आहे असंच गल्ली धरून चालते. दिवसभर तो टॉवेलचे गठ्ठे वाहतो. उरलेल्या वेळाचा शब्द सुगराबीनं त्याला न विचारताच दिलेला असतो. कुणाचं कपाट, कुणाचा बोकड, कुणाचं वऱ्हाड. इसूफ शिव्या देतो आणि जातो.

परवा कारखान्यात टॉवेल बघायला हॉलंडचे योरिससाहेब आले. इसूफची गाडी बघून त्यांनी मोबाइलवर आपला विजेवरचा पिकअप दाखवला. युरोपात असले पिकअप खपतच नाहीत, काय चुकतंय, असं त्यांनी ऑफिसातल्या सोनालीमार्फत विचारलं. सोनालीनं बॅटरी, किंमत, अरुंद रस्ते अशी कारणंही जोडली.

इसूफनं फोटो मोठा करून हौदा न्याहाळला. एक ओरखडा नव्हता.

"शेजारीपाजारी किती येळा मागून नेतात?"

सोनालीनं इसूफचा प्रश्न साहेबांना विचारला. साहेब गोंधळले. तीन वर्षांत कुणीच मागितला नव्हता.

"कुणीच न्हाय? सासरचंबी न्हाय?" इसूफ उखडलाच. "मग कसला आलाय पिकअप? टप कापलेली मोटार हाय ही! बॅटरी गेली खड्ड्यात. आमच्या सुगराबीला म्हैनाभर न्या तिकडं, मग बघा कशा खपतात!"

तेवढ्यात तिचाच फोन आला. कुणाचं तरी कपाट होतं. साहेबांच्या उतरलेल्या तोंडाकडं बघत इसूफ बावीस वर्षांत पहिल्यांदा शिवी न देता "आया" म्हणाला.

पलीकडं सुगराबी घाबरली. "क्या जी, तबेत ठीक है ना?"